ग्लेन म्यूसरची ठासणीची बंदूक

हार्लन एबर्लीला बंदूक घ्यायची नव्हती. ती घ्यावी की घेऊ नये, एवढंच त्याला ठरवायचं होतं. हा साधा फरक केटल गॅप गावात एकाही माणसाच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरला नाही, आणि त्याचा त्याला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

हार्लन विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचा. वादळात गोठ्याचं छप्पर उडालं, हरीण आडवं येऊन मोटारीचं नाक चेपलं, तळघरात पाणी शिरलं, की हार्लन वही-पट्टी घेऊन हजर. लोक छातीवर हात ठेवून सांगायचे की सगळं नवं कोरं होतं हो, आणि हार्लन गुडघ्यावर बसून त्यांना वीस वर्षांपूर्वीचा गंज दाखवायचा. वापरलेली वस्तू आपल्याला फसवूच शकत नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. त्याची बायको लोइस दंतवैद्याच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. गावातल्या प्रत्येकाचं तोंड तिनं उघडलेलं पाहिलं होतं, त्यामुळे त्यातून काय बाहेर पडेल याचं तिला नवल वाटत नसे.

खरी सुरुवात झाली ती नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात. लोइसचा भाऊ रस दरवर्षी या जेवणाला येतो आणि दरवर्षी शिकारीवर बोलतो. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांत थँक्सगिव्हिंग संपलं की हरणांचा मोसम सुरू होतो, अर्धा गाव नारिंगी जाकिटं घालून रानात जातो आणि उरलेला अर्धा गाव त्यांची वाट बघत सूप उकळतो. हार्लनही दरवर्षी रसच्या लाकडी खोपीवर जायचा आणि दरवर्षी सर्दी घेऊन परत यायचा. पण रसच्या लेखी हा मोसम म्हणजे पोरखेळ. खरा मोसम नाताळनंतरचा, थोडक्या दिवसांचा. त्यात फक्त ठासणीची, चकमकीवर उडणारी बंदूक चालते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची, रंजकदाणीत चिमूटभर दारू घालायची, आणि चाप ओढून देवाचं नाव घ्यायचं. एकच बार. उडाला तर उडाला.

टर्की कापता कापता हार्लन सहज म्हणाला की यंदा नाताळनंतर आपणही यावं म्हणतो. रसनं बटाट्याचा घास सावकाश गिळला.

"दाजी," तो म्हणाला, "तुला टर्की कापता येईना, आणि ती मेलेली आहे."

सगळे हसले. लोइसही हसली. हार्लननं सुरी खाली ठेवली, रुमालानं हात पुसले आणि उरलेली टर्की रसलाच कापू दिली. त्यात कसला अपमान, असं कोणी म्हणेल. ज्याला स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या सुरीनं, मेलेल्या पक्ष्याच्या साक्षीनं हे ऐकून घ्यावं लागलेलं नाही, त्यानं खुशाल म्हणावं.

पुढच्याच आठवड्यात पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर त्याला एक चिठ्ठी दिसली. 'चकमकीची ठासणीची बंदूक, वापरलेली. आर्डिथ म्यूसर.' खाली फोन नंबर, आणि त्याखाली 'जेवणाच्या वेळी करू नये.'

आर्डिथबाई गावाबाहेर टेकडीच्या पोटाला एकट्याच राहायच्या. त्यांचा नवरा ग्लेन गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. हार्लन त्यांच्याकडे पोहोचला तेव्हा त्यांनी त्याला आधी पाय पुसायला लावले, मग खुर्चीवर बसवलं आणि समोर काकवी भरून भाजलेला गोड 'शूफ्लाय पाय' ठेवला. बंदूक चुलीच्या वर, भिंतीला, दोन लाकडी खुंट्यांवर आडवी टांगलेली होती. लांबलचक नळी, अक्रोडाचा दस्ता, त्यावर पितळेची पट्टी. हार्लनला वाटलं आता आपण चार प्रश्न विचारू. पण प्रश्न बाईंनीच विचारले. तंबाखू ओढता का? जखमी जनावराच्या मागे अंधार पडेपर्यंत जाता की थंडी वाजली म्हणून परतता? चर्चला कुठल्या बाजूला बसता? हार्लननं पाहणीला गेल्यावर लोकांना जेवढं छळलं होतं, तेवढं सगळं त्या अर्ध्या तासात वसूल झालं.

किंमत विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही ठरवा. मग मी ठरवते."

"तुम्ही काय ठरवणार?"

"तुम्हाला द्यायची की नाही ते."

हार्लनला हे झोंबलं. पण बाईंनी तोवर बंदूक उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळलीसुद्धा होती. घरी न्या, म्हणाल्या, नीट बघा, मनात भरली तर सांगा. उरलेला शूफ्लाय पायही त्यांनी थाळीसकट हातात दिला. थाळी धुऊन परत आणायची, कडेला घासणी लावायची नाही, उन्हात वाळवायची नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. बंदुकीबद्दल काहीच सांगितलं नाही.

घरी लोइस दारातच उभी होती. गोधडीतून बाहेर आलेलं नळीचं टोक तिनं पाहिलं आणि विचारलं, किती दिले? हार्लन म्हणाला, घेतलेली नाही, ठरवतोय. लोइस म्हणाली की मग ठरेपर्यंत ती जेवणाच्या टेबलावर नको, सोफ्यावर नको, झोपायच्या खोलीत तर मुळीच नको. शेवटी बंदुकीला इस्त्रीच्या टेबलावर जागा मिळाली. आठवडाभर हार्लन चुरगळलेले शर्ट घालून कामावर गेला आणि लोकांच्या नुकसानीत खोट काढत राहिला. लोक त्याच्या कॉलरकडे बघत राहिले.

बातमी पसरायला एक रात्रही लागली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी कुंपणावरून मर्ल होस्टेटर आले. होस्टेटर सर शाळेत सुतारकाम शिकवायचे आणि हार्लनला त्यांनी एकदा पक्ष्यांच्या घरट्यासाठी नापास केलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते शेजाऱ्यांना शिकवायचे. त्यांनी दस्त्यावर नख फिरवलं, घोडा मागेपुढे केला, आणि मग नळीच्या तोंडाला डोळा लावून बराच वेळ आत बघितलं. काय दिसतंय, असं हार्लननं विचारलं. सर म्हणाले, "इतिहास." मग त्यांनी नळीला तोंड लावून गाल फुगेस्तोवर फुंकर मारली, कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला की नळी साफ आहे, ठिणगी आत जायचा कान मोकळा आहे, आणि असं काम आता होत नाही. डोळे मिटून विकत घे.

संध्याकाळी रस आला. त्यानं बंदुकीकडे दारातूनच पाहिलं आणि मान हलवली. ही काही जुनीबिनी नाही, म्हणाला, असल्या बंदुका सुटे भाग मागवून घरी जोडतात. ग्लेन म्यूसरनं हिवाळ्यात बसून जोडली असणार. चकमक झिजलेली, घोडा सैल, हिच्यावर ठिणगी पडली तर माझं नाव बदल. डोळे मिटून नको म्हण.

हार्लनचं म्हणणं एवढंच होतं की त्याला डोळे उघडे ठेवून ठरवायचं आहे. पण दोघांपैकी एकालाही ते ऐकायचं नव्हतं. त्यानंतर पोस्टमन येऊन सल्ला देऊन गेला, पाद्रीबाईंनी रविवारी चर्चच्या दारात हात हातात घेऊन सल्ला दिला, आणि गेली तीस वर्षं ज्याला स्वतःची गाडी कुठे उभी करावी हे ठरवता आलं नव्हतं त्या समोरच्या घरातल्या माणसानंही रस्त्यापलीकडून ओरडून सल्ला दिला. लोइसनं शेवटी विचारलं की तुला मत हवंय तरी कोणाचं. हार्लन म्हणाला, "माझं स्वतःचं."

"मग ते विचार की."

त्यानं विचारलं. आतून उत्तर आलं की उडवून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही.

आता हार्लन पडला विम्याचा माणूस. परक्याची बंदूक घरात आहे, ती आपण उडवणार, उद्या काही झालं तर? म्हणून त्यानं आपल्याच कंपनीला फोन लावला. फोनवर बराच वेळ बासरी वाजली. ही बासरी आपणही लोकांना ऐकवतो हे त्याच्या ध्यानात आलं, पण त्यामुळे ती गोड झाली नाही. मग एका मुलीचा आवाज आला. बंदूक तुमची आहे का? नाही. मग तुमच्या घरात कशी? बघायला आणलीय. म्हणजे विकत घेणार? ठरवतोय.

"सर, 'ठरवतोय' असा पर्यायच नाहीये इथे. 'आहे' किंवा 'नाही.'"

हार्लननं सांगितलं की मी याच कंपनीत आहे, माझी इतकी इतकी वर्षं सेवा झालीय. त्यावर तिनं त्याला कर्मचारी विभागाकडे जोडून दिलं, आणि पुन्हा बासरी सुरू झाली.

बंदूक उडवायची जागा एकच, ओढ्याकाठचा नेमबाजीचा क्लब. क्लबाचे सचिव फ्लॉइड ग्रब. माणूस सज्जन, पण नियमावली पाठ असलेला. त्यांनी सांगितलं की क्लबाच्या हद्दीत फक्त सभासदच बार काढू शकतात. सभासद व्हायचं तर सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. वर्गाला बसायचं तर स्वतःची बंदूक आणावी लागते. हार्लननं सांगितलं की स्वतःची करावी की नाही हे ठरवण्यासाठीच तर उडवायची आहे. फ्लॉइड म्हणाले की तुमची अडचण मला समजते, आणि तोच नियम पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. तिसऱ्या खेपेला त्यांना दया आली. एक वाट आहे, म्हणाले. सभासदाचा पाहुणा म्हणून तुम्हाला येता येईल.

"कोणत्या सभासदाचा?"

"तुमचा मेहुणा आहे की," फ्लॉइड म्हणाले.

त्या संध्याकाळी रसला फोन करताना हार्लननं किती वेळा नंबर फिरवून फोन अर्ध्यात ठेवून दिला, ते लोइसनं कोणाला सांगितलं नाही म्हणून बरं. रस फार गोड बोलला. त्याचं ते गोड बोलणंच वाईट होतं. ये ना दाजी, म्हणाला, शनिवारी सकाळी न्याहारी असते क्लबात, चार लोक असतील, सगळ्यांसमोर एकदा होऊन जाऊ दे.

चार नव्हे, चाळीस लोक होते. शनिवारी सकाळी बाहेर बर्फाचे बारीक खडे पडत होते, म्हणून सगळा क्लब आतल्या लांब टेबलांवर पॅनकेक, सॉसेज आणि स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, तळलेल्या वड्या घेऊन बसला होता. होस्टेटर सरही आले होते, कारण नळी साफ असल्याचा निकाल त्यांचा होता. भिंतीवर सभासदांनी मारलेल्या हरणांची डोकी लावलेली होती. मधोमध, सगळ्यांत वर, रसचं हरीण. अकरा फाट्यांची शिंगं, मान ताठ, चेहऱ्यावर रससारखाच भाव. त्याच्याखाली पितळी पट्टीवर रसचं नाव.

बंदूक हातोहात फिरली. प्रत्येकानं ती खांद्याला लावली, प्रत्येकानं काहीतरी खोट काढली किंवा वाखाणली, आणि हार्लनला कोणी काही विचारलं नाही. आता एक गोष्ट इथे नमूद करणं भाग आहे, कारण नंतर गावानं ती सोयीस्करपणे गिळून टाकली. हार्लननं आठवडाभर ठासणीच्या बंदुकांवर मिळेल ते वाचून काढलं होतं. जुनी बंदूक हातात आली की आधी गज नळीत शेवटपर्यंत सोडायचा, तोंडाशी बोट धरायचं, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. टोक बुडापर्यंत पोहोचलं तर नळी रिकामी. दोन बोटं अलीकडे राहिलं तर आत बार आहे. हे त्यानं वाचलं होतं, आणि टेबलाशी उभं राहून, घसा खाकरून, तो ते म्हणालाही. त्यानं गज अर्धा बाहेरही ओढला होता.

होस्टेटर सर दुखावल्या आवाजात म्हणाले की मी स्वतः फुंकून बघितलंय. रसनं बंदूक हार्लनच्या हातातून काढून घेतली.

"दाजी, पुस्तकं वाचून बंदुका कळत नाहीत. हा घोडा बघ. एवढासा. ही चकमक बघ, साबणाची वडी झालीय. हिच्यावर ठिणगीसुद्धा पडत नाही. सगळ्यांनी बघा."

असं म्हणून त्यानं नळी माणसांच्या डोक्यांवरून भिंतीकडे वळवली, घोडा चढवला आणि चाप ओढला.

ठिणगी पडली. चांगली मूठभर पडली, आणि रंजकदाणीच्या तळाशी कधीची चिकटून राहिलेली दारू तिनं पेटवली. ठासणीच्या बंदुकीत ठिणगी आणि बार यांच्यामध्ये एक क्षण असतो, आणि तेवढ्यात रसला "बघा, काहीच ना..." एवढं म्हणता आलं. मग धडाका झाला. कुजक्या अंड्याच्या वासाचा पांढरा धूर खोलीभर पसरला, कॉफीचं भांडं आडवं झालं आणि चाळीस माणसं टेबलांखाली गेली. धूर विरला तेव्हा सगळ्यांनी आधी आपापल्या अंगाला हात लावून बघितला. कोणाला काही झालेलं नव्हतं. मग एकेकाची नजर वर गेली. रसच्या हरणाच्या गळ्यात बोर जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून जुना भुसा शांतपणे गळत होता. त्याचा एक काचेचा डोळा निखळून मेपलच्या पाकात पडला होता आणि तिथून छताकडे बघत होता.

होस्टेटर सर खाली बसले ते उठेचनात. याच नळीला आपण आठवड्यापूर्वी डोळा लावला होता आणि तोंडही लावलं होतं, हे त्यांना एकाच वेळी आठवत असावं.

हार्लनला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल की एबर्ली, तुझं बरोबर होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण फ्लॉइड ग्रब यांनी चष्मा पुसला, नियमावली काढली आणि वाचलं की पाहुण्यानं आणलेल्या हत्याराची जबाबदारी सर्वस्वी पाहुण्यावर राहील. हार्लन म्हणाला की चाप रसनं ओढला. फ्लॉइड म्हणाले, खरं आहे, पण रस पाहुणा नाही. हार्लन म्हणाला की मी तर गजानं मोजा म्हणत होतो. फ्लॉइड म्हणाले, तेही खरं आहे, पण तुम्ही सभासद नसल्यामुळे तुमच्या सूचनेची नोंद घेता येत नव्हती. मग तिथल्या तिथे, पॅनकेक थंड होत असताना, हात वर करून ठराव झाला, आणि ज्या क्लबाचा तो कधी सभासदच झाला नव्हता त्या क्लबातून हार्लन एबर्लीला आजन्म काढून टाकण्यात आलं. ठरावाच्या बाजूनं रसचाही हात वर होता. त्याच्या दुसऱ्या हातात तो काचेचा डोळा होता.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नये. किराणा दुकानातल्या खाटकानं मांस तोलता तोलता हरीण मिळाल्याबद्दल अभिनंदन केलं. बँकेत, चर्चमध्ये, ऑफिसात तेच. नेम तुझाच की रे, मेहुण्याचा नुसता हात. लोइसच्या दवाखान्यात तर तोंडात कापूस भरलेली माणसंसुद्धा हार्लनची चौकशी करत, आणि ते काय विचारताहेत हे तिला कळत असे. हार्लन प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं नीट समजावून सांगायला जाई. पण गजाचा उल्लेख येईपर्यंत कोणी थांबत नसे.

शेवटी त्याचा तिळपापड झाला तो आर्डिथबाईंवर. भरलेली बंदूक गोधडीत गुंडाळून माणसाच्या हातात देतात, आणि सांगतात काय, तर थाळीला घासणी लावू नका. त्यानं मनाशी पक्कं केलं. बंदूक परत द्यायची, नको म्हणून स्पष्ट सांगायचं आणि चार शब्द सुनवायचे. ते शब्द त्यानं गाडीत आरशात बघून म्हणूनही पाहिले. मग एका हातात गोधडी आणि दुसऱ्या हातात धुतलेली थाळी घेऊन तो त्यांच्या दारात उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही मला भरलेली बंदूक दिलीत."

त्याला वाटलं होतं बाई घाबरतील, नाहीतर माफी मागतील. आर्डिथबाईंनी आधी थाळीची कड तपासली. मग त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग त्याला आत बसवून क्लबातली सगळी हकीकत विचारली. गावात एवढा गाजावाजा झाला होता, पण बाई फोन जेवणाच्या वेळीच नव्हे तर इतर वेळीही फारसा उचलत नसत. हार्लन सांगत गेला. गजाचा भाग त्यांनी पूर्ण ऐकला; असं करणारं या जगात पहिलंच माणूस भेटल्यामुळे हार्लनचा आवाज जरासा ओला झाला. सांगून झाल्यावर बाई उठल्या, चुलीजवळ गेल्या, वरच्या रिकाम्या खुंट्यांकडे बघितलं, मग खाली, जिथे त्या उभ्या होत्या त्या जागेकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"गाडी आहे ना तुझी?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच अरेतुरे. "चल."

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. चर्चमागच्या दफनभूमीशी आल्यावर त्यांनी थांबायला सांगितलं. बर्फातून काठी टेकत त्या वरच्या ओळीपर्यंत गेल्या. हार्लन मागून टोपी हातात घेऊन. ग्लेन म्यूसरच्या दगडावर शेजारी आर्डिथचंही नाव आधीच कोरून ठेवलेलं होतं, नुसती शेवटची तारीख रिकामी. त्यांनी दगडावरचं बर्फ हातमोज्यानं झटकलं, नाव नीट दिसू दिलं आणि मग बोलायला सुरुवात केली.

"ग्लेन, शिकारीहून आलास की मी तुला रोज विचारायचे. दारातच विचारायचे, बंदुकीतला बार काढलास का. आणि तू म्हणायचास, काढला गं. टोपी काढावी तसं म्हणायचास." त्यांनी काठी दगडाच्या पायाशी आपटली. "तुझ्या बहिणीची पोरं ईस्टरला या बंदुकीखाली बसून अंडी रंगवत होती. मी रोज तिच्याखाली उभी राहून पिठाचे गोळे केले. शनिवारी तिच्यावरची धूळ पुसली. मायेनं पुसली मी, ग्लेन. त्या शेवटच्या संध्याकाळी तू लवकर आलास, छातीत जड वाटतंय म्हणालास, तरी मी विचारलं. आणि तू म्हणालास, काढला. माझ्याशी शेवटचं धड वाक्य बोललास, ते खोटं. नंतर पाणी दे म्हणालास, ते मी धरत नाही."

खालच्या रस्त्यावरून दुधाचा ट्रक गेला. हार्लनला कुठे बघावं कळेना, म्हणून तो शेजारच्या दगडावरचं नाव वाचत राहिला.

"आता तू बोल," आर्डिथबाई म्हणाल्या.

"मी?"

"तुझंही नाव खराब झालंय त्याच्यापायी. बोल. तो मध्ये बोलत नाही आता."

हार्लन सभ्य माणूस होता. दगडांशी बोलण्याची त्याला सवय नव्हती. सुरुवातीला तो मिस्टर म्यूसर असं म्हणाला, मग अडला, मग म्हणाला की झाला प्रकार दुर्दैवी आहे. आणि मग काय झालं कोण जाणे, पण सुटलाच. गज अर्धा बाहेर काढला होता, म्हणाला, अर्धा, आणखी एवढासा ओढला असता तर झालं होतं. होस्टेटर सरांची फुंकर सांगितली. फ्लॉइडची नियमावली सांगितली. आपल्याच कंपनीची बासरी सांगितली. ज्या क्लबात घेत नाहीत तिथून काढतात कसे, हे ग्लेनला विचारलं. रसचा वर गेलेला हात सांगितला, टर्की सांगितली, घरट्यासाठी नापास झालेलंही सांगितलं. ग्लेन म्यूसर सगळं ऐकून घेत होता. त्याला कोणताही सल्ला सुचत नव्हता. हार्लनच्या नाकाचा शेंडा निळा पडला, टोपी हातातल्या हातात चुरगळली, तरी तो थांबेना, तेव्हा बाईंनीच त्याची बाही ओढली.

"बरं वाटलं?"

हार्लननं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "पण घसा मोकळा झाला. चल, पाय गारठले."

घरी आल्यावर त्यांनी हार्लनकडून बंदूक पुन्हा वर खुंट्यांवर ठेवून घेतली. जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे करत सरळ करून घेतली. हार्लन खुर्चीवरून खाली उतरला, कोट झटकला आणि आरशात म्हणून ठेवलेलं वाक्य काढायला त्यानं तोंड उघडलं.

"ही आता विकायची नाही," आर्डिथबाई म्हणाल्या.

"काय?"

"इतकी वर्षं घर नुसतं गप्प होतं. बोलायला काही निमित्तच नव्हतं, सगळं चांगलंच आठवायचं. आता ती समोर असली की सकाळी उठून भांडायला तरी होईल."

"पण बाई, मी नको म्हणायलाच आलो होतो."

"मग झालं तर. दोघांचं एकच मत."

"तसं नाही. मी ठरवलं होतं. मी नको म्हणणार होतो, तुम्हाला."

"हो, पण मी आधी म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि काकवीच्या पायचा एक तुकडा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. या वेळी थाळी दिली नाही.

हार्लन घरी आला तेव्हा लोइस इस्त्री करत होती. त्यानं कोट काढता काढता शक्य तितक्या सहजपणे सांगितलं की बंदूक घेतली नाही. लोइस म्हणाली, माहीत आहे, आर्डिथबाईंचा फोन आला होता, त्यांनी दिली नाही म्हणे. थाळी मात्र छान धुतली होती, असं म्हणाल्या. हार्लननं तिला समजावून सांगायला सुरुवात केली की न घेणं आणि न मिळणं यात मुळात फरक काय आहे. लोइसनं एक बाही उलटली, दुसरी सुलटी केली आणि शांतपणे ऐकत राहिली. मध्येच फोन वाजला. रस होता. त्यालाही कळलं होतं. तो फक्त एवढंच म्हणाला की शेवटी त्या म्हाताऱ्या बाईनंसुद्धा तुला ओळखलं.

हार्लन रात्रभर कूस बदलत होता. क्लबातून काढलं ते त्यानं सोसलं होतं. हरणाचे टोमणे सोसले होते. पण जी वस्तू आपल्याला नकोच होती, ती आपल्याला नाकारली जावी, हा अपमान कुठल्या रकान्यात मांडायचा हे त्याला उमजेना. आणि हे सांगणार तरी कोणाला? ऐकणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला देणार.

सकाळी त्याला डोंगरापलीकडे एक कोसळलेला गोठा बघायला जायचं होतं. वाटेत चर्चच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली, मागेपुढे कोणी नाही असं बघितलं आणि आत वळवली. इंजिन चालूच ठेवलं. रात्री पुन्हा थोडं बर्फ पडलं होतं. वरच्या ओळीपर्यंत चढून तो धापा टाकत उभा राहिला, हातमोज्यानं दगडावरचं बर्फ झटकलं आणि टोपी काढली.

"ग्लेन," तो म्हणाला, "काल एक सांगायचं राहिलं."